सापाचे बिऱ्हाड

2025 च्या श्रावणातली गोष्ट. आमच्या मुरबाड तालुक्यात नागपंचमीपर्यंत आवणी बहुतेक उरकलेली असते. पंचमीला नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही, हा नेम आमच्या घरी अजून पाळतात. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवलीहून बहिणीचा फोन आला. ती अगदी रडकुंडीला आली होती.

"दादा, तू एकदा येऊन जा. तुझा भाचा घरात साप आणायचा म्हणतोय. पाळायला!"

कृषी विस्तार अधिकारी म्हणून माझी सारी नोकरी बांधावर गेली. खोडकिडा, तुडतुडे, उंदीर, घूस यांबद्दल लोक मला नेहमी विचारतात. साप पाळण्याबद्दल आजवर कोणी विचारले नव्हते. पण बहिणीच्या आवाजात जी भीती होती तिचे कारण मला ठाऊक होते. भाच्याला मात्र ते ठाऊक नव्हते. त्याच दुपारी मी निघालो.

मुरबाडहून कल्याणची एस.टी. धरली. किशोर, मामणोली, गोवेली अशी गावे मागे टाकत गाडी रायत्याच्या पुलावर आली. उल्हास नदी तांबडे पाणी घेऊन दुथडी वाहत होती. पुलाच्या अलीकडे खाचरांत भाताची रोपे नुकती मूळ धरत होती आणि बांधांवर गवत गुडघाभर वाढले होते. पूल ओलांडून कांबा मागे पडला, की बांध विरळ होत जातात आणि शहाडपासून तर इमारतीला इमारत लागते. कल्याणला लोकल धरली. मध्ये एक ठाकुर्ली, की डोंबिवली आलीच.

बहिणीचे घर पूर्वेला, शिळ रस्त्याच्या बाजूला आहे. ती तिथे राहायला गेली तेव्हा मागच्या खिडकीतून भातशेती दिसे. आता खिडकीखाली एक नाला, त्याच्या कडेला थोडे गवत आणि पलीकडे नव्या इमारतीचा पाया एवढेच उरले आहे. पावसाळ्यात त्या भागात साप निघाल्याच्या बातम्या नेहमी ऐकू येतात. कोणाच्या स्कूटरमध्ये निघतो, कोणाच्या चपलांच्या मांडणीत. लोक म्हणतात, "साप घरात आला." त्याच्या बाजूने पाहिले तर घर त्याच्या बांधावर आले आहे.

भाचा एकुलता एक, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. मुलगा गुणी, पण जनावरांचे भारी वेड. दोन खोल्यांच्या घरात एक मांजर आहे. लोक ज्यांना लव्हबर्ड म्हणतात तशा छोट्या रंगीत पक्ष्यांची एक जोडी आहे. माशांची काचेची पेटीही आहे, पण त्या दिवशी ती रिकामी करून, पुसून, भिंतीशी ठेवलेली दिसली.

चहा झाल्यावर त्याने एक वही माझ्यापुढे ठेवली. "मामा, तू आईला समजाव. मी सगळा अभ्यास केलाय."

अभ्यास खरोखरच केला होता. परदेशात लोक बिनविषारी अजगर कसे पाळतात, ते त्याने नीट टिपून घेतले होते. सापाचे अंग स्वतःहून तापत नाही, म्हणून पेटीची एक बाजू तीस-बत्तीस अंश उबदार आणि दुसरी थोडी थंड ठेवावी लागते. उबेची आणि गारव्याची जागा साप स्वतःच निवडतो. दोन्ही बाजूंना लपायला एकेक खोकी हवी, कारण लपायला जागा नसेल तर तो घाबरतो आणि खाणे सोडतो. अंग बुडेल एवढे पाण्याचे भांडे हवे. झाकण पक्के, कडीचे हवे, कारण डोके शिरेल तेवढ्या फटीतून साप बाहेर पडतो. आठ-पंधरा दिवसांतून एक उंदीर एवढाच त्याचा आहार. हे अजगर वीस-तीस वर्षे जगतात.

दुसऱ्या पानावर इतर जनावरांची व्यवस्था लिहिली होती. सापाची पेटी असलेल्या खोलीत मांजराला सोडायचे नाही. मांजर काचेवर पंजे मारते, त्याने साप सतत धास्तावलेला राहतो. पक्ष्यांचा पिंजरा दुसऱ्या खोलीत ठेवायचा. पक्ष्यांना हात लावून तोच हात सापाजवळ न्यायचा नाही, कारण साप वासावर चालतो आणि हातालाच भक्ष्य समजतो. साप हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, नाहीतर पोटाच्या रोगाचे जंतू घरात पसरतात.

मी ते सगळे वाचले आणि मनातल्या मनात त्याचे कौतुक केले. आमच्याकडे कोंबड्यांचे खुराडे बांधणारासुद्धा इतका विचार करत नाही.

"सगळं बरोबर लिहिलंयस," मी म्हणालो. "आता एकच सांग. साप येणार कुठून?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, ओळखीतल्या एकाने मांडूळ आणून देतो म्हटले आहे. घाटावरून, जुन्नर-ओतूरच्या बाजूने. "मांडूळ बिनविषारी असतं मामा. चावतसुद्धा नाही. आणि तो म्हणाला, अंगाने भरलं की त्याला चांगली किंमत येते."

ते ऐकले आणि माझ्या लक्षात सगळा प्रकार आला. हा प्रकार आपल्या खेड्यांतल्या घरांना चांगला ठाऊक असायला हवा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मांडूळ हा भुसभुशीत मातीत राहणारा गरीब साप. त्याचे शेपूट बोथट, डोक्यासारखे दिसते, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. त्याला तोंड एकच. उंदीर हे त्याचे मुख्य खाणे, म्हणजे तो तुमच्या-माझ्या शेताचा राखणदार. पण त्याच्यामुळे गुप्तधन सापडते, पैशाचा पाऊस पडतो, त्याच्यापासून मोठमोठी औषधे होतात, अशा थापा पसरवल्या गेल्या आहेत. वजनावर लाखांचे भाव सांगतात. त्यात तिळमात्र तथ्य नाही. ठाणे, कल्याण भागात मांडूळ विकायला आलेली माणसे पोलिसांनी अनेकदा पकडली आहेत. त्यांत बांधावरून मांडूळ उकरून देणारे खेड्यातले तरुणही असतात. भाव सांगणारा नामानिराळा राहतो आणि टोपली हातात असलेला आत जातो.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे. त्याखाली आपल्या रानातला साप पकडणे, घरात ठेवणे, विकणे हा गुन्हा आहे. तुरुंग आणि दंड, दोन्ही होऊ शकतात. खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांनी पिंजऱ्यात ठेवलेला हिरवा रावा, तोसुद्धा याच कायद्यात बसत नाही. हे मी सांगितले तेव्हा बहिणीलाही नवल वाटले.

"मग परदेशी साप आणू," भाचा म्हणाला.

त्याचेही मी सांगितले. या कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. ज्या परदेशी प्राण्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराने बंधन आहे, त्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. तरीही चोरटा माल येतोच. 2025 च्या जूनमध्ये थायलंडहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात चाळीसहून अधिक विषारी साप सापडले होते. अशा प्रवासात किती जीव पिशवीतच मरत असतील, याचा विचार करावा.

भाच्याने शेवटचा मुद्दा काढला. "पुण्याच्या नीलिमकुमार खैरेंनी 1980 साली बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास काढले होते. त्यांना काही झालं नाही."

"खरं आहे," मी म्हटले. "पण ते त्यांनी कशासाठी केलं? डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे लोकांना पटावं म्हणून. आणि पुढे 1986 साली कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं ते त्यांच्याच खटपटीनं. घरात पेटी मांडून ते थांबले नाहीत."

तो गप्प झाला, पण पटलेले दिसले नाही. कायदा सांगितल्याने माणूस गप्प बसतो. मनातली हौस जात नाही. माझ्या नोकरीत मी हे पुष्कळ पाहिले आहे.

रात्री जेवणे झाल्यावर बहीण मला म्हणाली, "त्याला ते सांग. माझ्याच्यानं सांगवत नाही."

म्हणून मी सांगितले.

1983 सालचा भाद्रपद. मी चौदा वर्षांचा होतो, बहीण नऊ वर्षांची. आमचे घर मातीचे, पुढे पडवी. पडवीच्या कोपऱ्यात खुडूक कोंबडी बसवलेले डालगे होते. कोंबडीला टाकायची तांदळाची कणी एका गोणीत तिथेच ठेवलेली. कणी सांडे, म्हणून रात्री उंदरांची धावपळ चाले. आई मला दोन दिवस सांगत होती, "ते डालगं आणि कणीची गोण मागच्या खुराड्याजवळ नेऊन ठेव. पोरी तिथंच निजतात." मी हो म्हणत होतो आणि खेळायला जात होतो.

तिसऱ्या रात्री बहीण झोपेत म्हणाली, काहीतरी चावले. आईने चिमणी जवळ नेऊन पाहिले. ना रक्त, ना सूज. मुंगी असेल म्हणून ती पुन्हा निजवली. पहाटे तिच्या पोटात कळा येऊ लागल्या, उलटी झाली. मग तिच्या पापण्या जड होऊन खाली येऊ लागल्या. बोलणे बोबडे झाले. वडिलांनी भगताला बोलावले. त्याने लिंबाचा पाला फिरवला, मंत्र म्हटले. त्यात दोन तास गेले. शेवटी शाळेचे गुरुजी आले. त्यांनी तिचे डोळे पाहिले आणि ओरडले, "हिला आधी कल्याणला न्या!"

दुधाच्या टेम्पोतून आम्ही तिला नेले. रायत्याच्या पुलावर तिचा श्वास अगदी मंद झाला होता. कल्याणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सापाच्या विषावरची लस दिली, घशात नळी घातली आणि नळीला रबरी फुगा जोडला. फुगा दाबला की तिच्या छातीत हवा जाई. यंत्र नव्हते, म्हणून घरच्यांनीच तो दाबायचा होता. वडील, काका आणि मी पाळीने दाबत होतो. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, मिनिटाला बारा-पंधरा वेळा. झोप लागली की संपले. असा तो दिवस गेला, रात्र गेली, दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः श्वास घेतला.

डॉक्टर म्हणाले, ही मण्यार असणार. मण्यारीचे दात बारीक, म्हणून चावलेले दुखत नाही आणि खूणही दिसत नाही. तिचे विष श्वासाचे स्नायू लुळे पाडते. रोगी मेल्यासारखा दिसतो, पण हृदय चालू असते. तेवढा वेळ श्वास दुसऱ्याने चालवला तर माणूस परत येतो. भगताकडे आणखी एक तास गेला असता तर बहीण राहिली नसती.

इकडे गावात लोकांनी रागाने अंगण खणले आणि कणगीखाली सापडलेला एक मोठा साप ठेचून मारला. तो साप म्हणजे धामण होती. धामण दिवसा फिरते, तिला विष नाही आणि कणगीपाशी ती उंदरांसाठीच राहत असणार. जिने दंश केला ती मण्यार कधीच सापडली नाही.

"डालगं मी हलवलं नव्हतं," मी बहिणीकडे पाहत म्हणालो. "आईनं सांगूनसुद्धा. हे तुला मी कधी बोललो नाही."

बहीण थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला आईनं तेव्हाच सांगितलं होतं, दादा. तू फुगा दाबत होतास, हेही सांगितलं होतं." आणि मुलाकडे वळून म्हणाली, "साप बघायचा असेल तर मामाकडे जा. ती पडवी बघून ये."

पुढच्या रविवारी भाचा गावी आला, वही घेऊनच.

मी त्याला आधी बांधावर नेले. शेताच्या उताराच्या अंगाला एक जुना दगडी बांध आहे. तिथले गवत आम्ही मुळापासून काढत नाही, दगडही उचलत नाही. "तुझी वही काढ," मी म्हटले. "उबेला काय हवं?" दगड उन्हाने तापतात. "गारव्याला?" दगडांखालची ओल. "लपायला?" बांधात उंदरांची आणि घुशीची जुनी बिळे आहेत. पाणी खाचरात आहे. खायला उंदीर आहेत, बेडूक आहेत. त्याने वहीत लिहिलेली एकूण एक गोष्ट त्या वीस पावलांच्या बांधावर होती. वीज लागत नव्हती आणि झाकणही लागत नव्हते. खाचराच्या पाण्यातून एक दिवड डोके वर काढून गेली. दगडांच्या फटीत धामणीची कात सापडली, चांगली पाच-सहा फुटांची. भाच्याने ती जपून उचलून पाहिली आणि पुन्हा होती तिथे ठेवली.

परत घरी येऊन आम्ही दोघांनी अंगण पाहिले. सापाचे बिऱ्हाड बांधावर नीट मांडलेले असेल, तरी घराजवळ त्याला बोलावणारी वस्तू आपण ठेवली तर तो येणारच. पेटीत त्याने जसा सापाचा आणि मांजर-पक्ष्यांचा शेजार विचारपूर्वक मांडला होता, तसाच तो अंगणात मांडायचा होता. दिवसभर खपून आम्ही जे केले ते शेतकरी बंधू-भगिनींसाठी इथे लिहितो. आपल्या घरीही करून पाहावे.

कोंबड्यांचे खुराडे जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच केले. जाळी बारीक, अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या भोकाची नको. मोठ्या भोकातून साप आत शिरतो, अंडे किंवा पिल्लू गिळतो आणि फुगलेल्या पोटाने अडकून बसतो. सैल नायलॉनची जाळी तर लावूच नये, तिच्यात साप गुरफटून मरतात. अंडी रोज संध्याकाळी काढावीत. सांडलेली कणी झाडून घ्यावी. कणी उंदराला बोलावते आणि उंदीर सापाला.

गोवऱ्या, सरपण, विटा, जुनी कौले भिंतीला टेकवून ठेवू नयेत. पंधरा-वीस पावलांवर, खाली दगड किंवा लाकडे घालून उंच रचावीत. पेंढ्याची उडवीही घरापासून लांब असावी. गोवऱ्या, सरपण काढताना आधी काठीने ढोसावे, मग हात घालावा. भिंतीतली बिळे आणि न्हाणीच्या मोरीचे तोंड बंद करावे, मोरीला जाळी बसवावी. फिनेल किंवा उग्र औषधे शिंपडून साप येत नाही, या भरवशावर राहू नये.

गोठ्यात रात्री बत्ती घेतल्याशिवाय जाऊ नये. गव्हाणीखालचा कचरा रोज काढावा. कुत्रे रात्री एकाच जागी तोंड करून भुंकत असेल तर त्याला दटावून निजू नये, उठून उजेडात पाहावे. मांजर उंदीर मारते हे खरे, पण ते अर्धमेला साप तोंडात धरून घरात आणते. म्हणून मांजर काही घेऊन आले तर मुलांना आधी दूर करावे.

उंदरांसाठी विषारी आमिष वापरत असाल तर मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत. हे मी नोकरीत लोकांना सांगत आलो, पण पुरेसे जोर देऊन सांगितले नाही, हे कबूल करतो. विषाने मेलेला उंदीर खाऊन घुबड, मांजर, कुत्रेही जाते. शेतात पक्ष्यांना बसायला इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे थांबे लावले तर घुबड रात्री त्यावर बसून उंदीर टिपते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निजणे. पावसाळ्यात जमिनीवर निजू नये. खाट नसेल तर बाज घ्यावी. मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. मण्यार रात्री फिरते आणि पाली, उंदीर, लहान साप यांच्या मागे घरात येते. निजलेल्या माणसाने कूस बदलली, ती दबली, की चावते. खोचलेली मच्छरदाणी डासांबरोबर तिलाही बाहेर ठेवते.

ओळखीसाठी एवढे लक्षात ठेवावे. घरात पालींच्या मागे येणारा कवड्या बिनविषारी असतो, पण लोक त्याला मण्यार समजून मारतात. कवड्याचे आडवे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पांढरे पट्टे मानेकडे पुसट, पुढे शेपटीकडे ठळक, आणि बहुधा जोडीजोडीने असतात. पण ही ओळख लांबूनच करायची. खात्री नसेल तर विषारीच समजावा, हात लावू नये आणि मारूही नये. लांब उभे राहून त्याच्यावर नजर ठेवावी आणि वन खात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. प्रशिक्षित सर्पमित्रही मदतीला येतात.

दंश झालाच तर कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून बांधू नये. बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढावीत. हात किंवा पाय काठीला बांधून हलणार नाही असा ठेवावा. वेळ लक्षात ठेवावी. 108 ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखान्यात न्यावे. साप शोधत बसू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते. घोड्यांच्या शरीरात थोडेथोडे विष टोचून त्यांच्या रक्तापासून ती करतात. मुंबईच्या परळमधील हाफकिन संस्थेचे नाव या कामात जुने आहे. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठत नाही. म्हणून डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे ठेवतात आणि ते गोठते का पाहतात. त्यांना घाई करू नये, ते आपल्या माणसासाठीच थांबलेले असतात. आणि पहाटे पोटात कळ येऊन पापण्या खाली येऊ लागल्या, तर खूण दिसो वा न दिसो, सापाचाच संशय धरावा.

हे सगळे मी उगीच भीती घालायला सांगत नाही. 2000 ते 2019 या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांतली बहुतेक खेड्यातली आणि अर्ध्याहून अधिक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतली. केंद्र सरकारने 2024 साली एक राष्ट्रीय कार्ययोजना जाहीर केली. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे असे तिचे उद्दिष्ट आहे. दवाखाना, लस, गाडी हे सरकारचे काम. डालगे हलवणे हे मात्र आपलेच काम आहे.

संध्याकाळी भाचा पडवीत बसून वहीत चित्र काढत होता. मध्ये घर, एका बाजूला उंच खुराडे, दुसऱ्या बाजूला गोठा, लांबवर गोवऱ्यांची रास आणि कागदाच्या टोकाला बांध. बांधावर त्याने लहान अक्षरांत लिहिले होते, "धामण, दिवड". मी विचारले, "आणि पेटी?" तो म्हणाला, "मासेच आणतो परत." घाटावरच्या माणसाला त्याने नको म्हणून कळवले होते.

दिवाळीत बहीण माहेरी आली. पडवीत निजायचे ती इतकी वर्षे टाळत असे. या वेळी तिने आपणहून तिथे बाज टाकायला सांगितली. मी मच्छरदाणी बांधली. भाच्याने चारी बाजूंनी खोचून दिली आणि बत्ती घेऊन एकदा बाजेखाली पाहिले. रात्री उशिरापर्यंत ती दोघे बोलत होती. सकाळी बांधाकडे जाताना बहीण काठी आपटत माझ्यामागून आली. दगडांपाशी थांबून म्हणाली, "इथंच राहते ना ती? राहू दे. हे दगड कोणाला काढू देऊ नकोस."

मळणी झाली की घरोघरी अंगणे मोकळी होतात. खुराडे, सरपण, उडवी यांच्या जागा बदलायला तोच काळ चांगला. पहिल्या पावसाआधी एवढे करून ठेवावे.